घरोघर फॉर्म भरत फिरणार का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, मैत्रिणी डेटा सायन्सच्या नोकऱ्यांकडे निघालेल्या, आणि हिला मात्र लोकसंख्या आणि आरोग्याच्या संशोधनात जायचंय. तुम्ही विचारता, "एवढं शिकून ही घरोघर फॉर्म भरत फिरणार का?"

सुरुवातीला फिरेल. फिरायलाच हवं. का, ते सांगते.

बालमृत्यूचा दर काढायला लागणारं गणित तिला आत्ताच येत असेल. पण जिथे जन्म-मृत्यूच्या नोंदी अपुऱ्या आहेत, तिथे हा दर आयांना विचारूनच काढावा लागतो. मोठ्या आरोग्य सर्वेक्षणांत बाईला विचारतात, जिवंत जन्मलेलं एखादं मूल नंतर दगावलं का? ती 'नाही' म्हणाली तरी थांबायचं नसतं. प्रश्नावलीत लगेच पुढचा प्रश्न असतो: एखादं बाळ थोडं रडलं, हललं, श्वास घ्यायला धडपडलं, पण जगलं नाही, असं काही झालं का? मी शिकाऊ असताना एका बाईनं तीन मुलं सांगितली, तिन्ही धडधाकट. हा दुसरा प्रश्न आला तशी ती हातातलं काम बाजूला ठेवून गप्प बसली. मग म्हणाली, "एक होती. दोन दिवस." मी पेन खाली ठेवलं. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "लिहा."

तो प्रश्न मी घाईत उरकला असता तर ती मुलगी कुठल्याच तक्त्यात आली नसती. आणि संगणकासमोर बसून ही चूक सहजी सापडत नाही, कारण न नोंदवलेला मृत्यू रकान्यात रिकामी जागासुद्धा सोडत नाही. म्हणून तिला फिरू द्या, ताई. एक-दोन वर्षं पुरतात, पण ती वगळू नयेत.

तुमचा दुसरा प्रश्न: आरोग्य म्हणजे डॉक्टरांचं काम, त्यात समाजशास्त्र कशाला? लंडनमधल्या सरकारी नोकरांचा एक अभ्यास १९६७ मध्ये सुरू झाला. सुमारे १८ हजार पुरुष, सगळे पगारदार, सरकारी कार्यालयांत काम करणारे. तरीही सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांमध्ये हृदयविकारानं मरण्याचं प्रमाण सर्वांत वरच्यांच्या तिपटीहून जास्त निघालं. ब्रिटिश संशोधक मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल सगळं हिशेबात धरलं, तरी निम्म्याहून अधिक फरक उरलाच. हा उरलेला फरक कुठून येतो, हे स्टेथोस्कोप लावून कळत नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन काल्डवेल यांनी १९७९ मध्ये नायजेरियातल्या माहितीवरून दाखवलं, की बापाचा व्यवसाय वगैरे जमेस धरूनही आईच्या शिक्षणाचा मुलांच्या जगण्याशी ठळक संबंध राहतो. आणि अगदी अलीकडचं सांगायचं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानं जगात सहातल्या एका माणसाला एकटेपणा जाणवतो असं म्हटलंय. वर्षाला ८ लाख ७१ हजारांहून अधिक मृत्यूंशी त्याचा संबंध जोडलाय. एकटेपणा मोजायचा कसा, कोणत्या शब्दांत विचारायचा, म्हाताऱ्या माणसानं भिडेखातर 'बरं चाललंय' म्हटलं तर काय करायचं, यावर आयुष्यभर पुरेल एवढं काम पडलंय. मला स्वतःला आज हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता काळजीची बाजू. या क्षेत्रातल्या बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पांच्या निधीवर असतात आणि तो आटू शकतो. १९८४ पासून नव्वदहून अधिक देशांत आरोग्य सर्वेक्षणं करणाऱ्या एका मोठ्या कार्यक्रमाचा अमेरिकन निधी २०२५ च्या फेब्रुवारीत एकाएकी थांबला. अनुभवी माणसांच्या हातचं काम गेलं. तेव्हा एकाच प्रकल्पावर किंवा एकाच देणगीदारावर करिअर बेतू नये, हे मी तिला स्पष्टच सांगेन.

पण तिच्या हातातलं कसब वाया जाणारं नाही. नमुना निवडणं, जीवनसारणी (कोणत्या वयात किती जण दगावतात याचा तक्ता) मांडणं, 'आर' किंवा 'स्टाटा' या संगणक-प्रणालींवर विश्लेषण करणं हे विमा कंपन्यांना, रुग्णालयांना, सरकारी सांख्यिकी खात्यांनाही लागतं. मैत्रिणी जे शिकतायत त्यातलं निम्मं तिलाही येणारच आहे. पदव्युत्तर शिक्षणासाठी लोकसंख्याशास्त्र किंवा सार्वजनिक आरोग्य, दोन्ही चालेल; अभ्यासक्रमात प्रत्यक्ष क्षेत्रकार्य किती आठवडे आहे, एवढं मात्र प्रवेशाआधी विचारा. ते नसेल तर नाव कितीही मोठं असो, मी तो अभ्यासक्रम सुचवणार नाही.

प्रवेशाला वेळ आहे तोवर तिला एक काम द्या. अनेक सर्वेक्षणांची प्रश्नावली आणि ओळख पुसलेली माहिती अभ्यासासाठी मागता येते. त्यातला एकच तक्ता तिनं स्वतः पुन्हा काढून पाहावा, आणि मग त्यामागचा प्रश्न घरातल्या मोठ्या माणसाला मोठ्यानं विचारून पाहावा. विचारताना ती अडखळली, शब्द बदलावेसे वाटले, उत्तर ऐकायला थांबली, तर मला कळवा.

पीएचडीचं म्हणाल तर आत्ता नको. संशोधन संस्थेत स्वतःचे प्रश्न घेऊन उभं राहायचं तर पुढे लागेल. पण तो प्रश्न आधी तिला सापडू दे, फॉर्म भरता भरता सापडला तर उत्तमच.