मोठ्या बाई निवृत्त झाल्या, आता दाखला काढावा का?

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडल्या की माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो: शाळेचे मुख्याध्यापक बदलले आहेत, तर मुलाला तिथेच ठेवावे की दाखला काढावा? कधी मुख्याध्यापक निवृत्त झालेले असतात, कधी महापालिकेचे शिक्षणाधिकारी बदललेले असतात आणि आता सगळ्याच शाळांची घडी विस्कटणार अशी धास्ती वस्तीभर पसरलेली असते. अशाच एका आईचा अनुभव, त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून, इथे मांडत आहे.

या ताई छत्रपती संभाजीनगरमध्ये चिकलठाणा औद्योगिक वसाहतीजवळच्या एका वस्तीत राहतात. त्या घरी शिलाईकाम करतात, यजमान कंपनीत पाळीने जातात आणि मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत सेमी इंग्रजीच्या चौथीच्या वर्गात आहे. त्या शाळेच्या मोठ्या बाई वयाची 58 वर्षे पूर्ण करून ऑक्टोबरअखेर निवृत्त झाल्या. त्यांच्या काळात शाळेचा पट वाढला होता, स्वच्छतागृहात पाणी आले होते आणि खासगी शाळेची फी भरून मेटाकुटीला आलेल्या कितीतरी घरांनी आपली मुले या शाळेत आणली होती. नवे मुख्याध्यापक रुजू झाल्यावर आठवड्याभरातच पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर सेमी बंद होणार, नवे सर फार कडक आहेत, अर्ध्या वर्गाने दाखले काढले, असे संदेश फिरू लागले.

“मॅडम, सगळे दाखले काढायलेत,” ताई आल्या आल्या म्हणाल्या. “माझं लेकरू रोज सकाळी पोट दुखायलंय म्हणून रडायलंय. मी काय नुसती बघत बसू?”

मुलीला डॉक्टरांनी तपासले होते आणि काही आजार निघाला नव्हता. रविवारी पोट दुखत नव्हते, शाळेच्या दिवशी परिपाठाची वेळ टळली की दुखणे उतरत होते. याचा अर्थ मुलगी सोंग करत होती असा नाही. या वयाच्या मुलांची भीती बहुधा पोटातूनच बोलते आणि ते दुखणे खरे असते.

मी ताईंना विचारले की प्रत्यक्षात दाखले किती जणांनी काढले. बोटांवर मोजल्यावर नावे दोनच निघाली, आणि त्यातले एक कुटुंब गावी परत गेले होते. एवढ्याने त्यांची समजूत पटेल असे मला वाटले, पण ते चुकले. दुसऱ्या भेटीत त्या जे बोलल्या ते मी पहिल्याच भेटीत विचारायला हवे होते. त्यांचे माहेर भोकरदन तालुक्यातले. सहावीत असताना त्यांचे गणिताचे गुरुजी बदलून गेले आणि त्या जागी कितीतरी महिने कुणी आलेच नाही. पुढच्या गावची शाळा लांब होती, वाट एकटीची होती, आणि घरच्यांनी एक दिवस पुस्तके माळ्यावर टाकली. “गुरुजी गेले अन् माझी शाळा गेली,” एवढेच बोलून त्या बराच वेळ पदराचे टोक चिमटीत धरून बसल्या.

अशा माणसाला “काळजी करू नका, सगळं नीट होईल” असे सांगणे मला अन्यायाचे वाटते. त्यांची भीती अफवेतून जन्मलेली नव्हती, अफवेने तिला फक्त फुंकर घातली होती. म्हणून आम्ही आधी त्या सहावीतल्या मुलीबद्दल पुरेसे बोललो आणि मग तेव्हाच्या व आताच्या परिस्थितीतला फरक पाहिला. तेव्हा त्यांना कुणी विचारले नव्हते, आज विचारण्याचा अधिकार त्यांच्या हाती आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार महापालिकेच्या शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. त्याच कायद्याचे कलम 5 सांगते की मुलाला दुसऱ्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे ऐकून ताईंचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. दार पुढेही उघडेच राहणार असेल तर आजच धावत सुटण्याची गरज उरत नाही.

मुलीशी मी वेगळी बोलले. तिला शाळेचे चित्र काढायला सांगितले, तेव्हा तिने मोठे फाटक काढले आणि फाटकाशेजारी जमिनीवर एक रिकामा गोल काढला. “इथं मोठ्या बाई उभ्या राहायच्या. माझी रिबीन सुटली की बांधायच्या,” ती म्हणाली. सेमीबद्दल ती एकच वाक्य बोलली: “त्याच्यावरून आई रात्री फोनवर बोलती.” घरातली मोठी माणसे तुकडी, शिक्षक आणि भवितव्य यांची चिंता करत होती आणि मुलीचे दुःख फाटकापाशी होते. नेतृत्व बदलते तेव्हा मुलांचे काय हरवते, हे मुलांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि आपण ते फारच क्वचित विचारतो.

घरासाठी मी मोजक्याच गोष्टी सुचवल्या. रात्रीचे फोन मुलीच्या कानाआड व्हावेत. “नवे सरही तसेच चांगले आहेत” असे सांगून तिची आठवण दडपू नये, उलट मोठ्या बाईंना तिच्या हाताने एक पत्र लिहून द्यावे. आणि पोट दुखले तरी, ताप वगैरे नसेल तर, शाळा बुडवू नये. घरी राहिलेला प्रत्येक दिवस दुसऱ्या दिवशीचा उंबरठा उंच करतो. त्याऐवजी काही दिवस ताईंनी तिला फाटकापर्यंत सोडावे आणि वर्गशिक्षिकेच्या हाती द्यावे. ताईंनी स्वतः एक वही करावी, तिच्या एका बाजूला ‘ऐकलं’ आणि दुसऱ्या बाजूला ‘पाहिलं’ असे लिहावे.

पुढच्या आठवड्यात त्या पतीसह नव्या मुख्याध्यापकांना भेटल्या. सोबत तीन प्रश्न लिहून नेले होते: सेमी चालू राहणार का, गणिताच्या बाई वर्षभर राहतील का, आणि सकाळी फाटकावर कोण असेल? सरांनी स्पष्ट सांगितले की या वर्षी दोन्हीत बदल नाही, पुढच्या वर्षीचे पटावर ठरेल, कारण शिक्षकांची पदे संचमान्यतेत, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवताना, पटसंख्येवरच मंजूर होतात. घाबरून काढलेले दाखले ज्या गोष्टीची भीती आहे तीच ओढवून आणू शकतात, हे ताईंच्या तिथल्या तिथे लक्षात आले. मात्र शाळेचा पट राखण्याचे ओझे मी कोणत्याही आईच्या डोक्यावर ठेवत नाही. वर्गाला आठवडेच्या आठवडे शिक्षक नसेल, मुलांना मारहाण किंवा मानसिक त्रास होत असेल, ज्याला याच कायद्याच्या कलम 17 ने मनाई केली आहे, आणि समितीकडे तक्रार करूनही काही हलत नसेल, तर दाखला काढावा, असे मी स्वतःहून सांगते. मुलाची तगमग नीट काळजी घेऊनही दोन महिन्यांत कमी झाली नाही, तरी मी शाळा बदलण्याचा विचार करायला सांगते.

तिसऱ्या प्रश्नावर सर थोडे थांबले. “हे मला कुणी सांगितलंच नव्हतं,” ते म्हणाले. त्यांची सकाळ ऑनलाइन माहिती भरण्यात जात होती. रोज उभे राहणे जमणार नाही, हे त्यांनी मान्य केले, पण शिक्षकांच्या पाळ्या लावतो आणि सोमवारी मी असेन, असा शब्द दिला.

मुलीचे दुखणे एकदम थांबले नाही. आधी ते आठवड्यातून दोनदा झाले, मग फक्त सुट्टीनंतरच्या सकाळी. दाखल्याचा निर्णय ताईंनी वार्षिक निकालापर्यंत पुढे ढकलला आहे आणि समितीच्या पुढच्या निवडीत नाव देण्याचे त्यांच्या मनात आहे, हे त्यांनी मला जरा संकोचूनच सांगितले. फेब्रुवारीतल्या भेटीत त्यांनी वही दाखवली. ‘ऐकलं’ची बाजू भरली होती. ‘पाहिलं’च्या बाजूला, शिवणाच्या मापांसाठी वापरतात त्या पेन्सिलीने, त्या सोमवारची नोंद होती: सर गेटवर होते. लेकीचं नाव चुकलं. तिनं सांगितलं, मग सरांनी नीट घेतलं.