फायली चाळणारा इंजिनीअर

वाचकांचे प्रश्न, उत्तरं देताहेत तेलविहिरींवर बत्तीस वर्षं काढलेले एक निवृत्त लॉगिंग इंजिनीअर (विहिरीत उपकरणं उतरवून मोजमाप घेणारे)

प्रश्न : माझा मुलगा मेकॅनिकल इंजिनीअर. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत कॅन्सस राज्यात, जमिनीखाली नैसर्गिक वायू साठवणाऱ्या एका कंपनीत लागला. काम काय विचारलं की ‘कंप्लायन्स’ म्हणतो. फोनवर कधीही विचारा, 1950 सालच्या विहिरींच्या फायली चाळत बसलेला असतो. मार्च 2027 ची कसलीशी मुदत आहे म्हणून यंदा गणपतीलाही येत नाही. एवढं शिकून पोराने कारकुनीच करायची का? आणि जमिनीखाली गॅस भरून ठेवतात, त्याचा धोका नाही का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो. पहिल्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे.

आपण पावसाळ्यात धरण भरतो आणि उन्हाळ्यात पाणी सोडतो. तिकडे उन्हाळ्यात गॅस खाली दाबतात आणि थंडीत घरोघरी हीटर लागले की वर काढतात. अमेरिकेत अशी सुमारे 400 ठिकाणं आहेत. काही मिठाच्या थरात पाणी सोडून कोरलेल्या पोकळ्या, पण बहुतेक म्हणजे तेल किंवा गॅस उपसून झालेले जुने खडक. त्या खडकांनी लाखो वर्षं गॅस धरून ठेवलाच होता, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपण त्यांना पाडलेल्या भोकांबद्दल. त्यातली बरीचशी भोकं 1980 च्या आधीची, आणि कित्येक तर साठवणीसाठी पाडलेलीच नव्हती.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला आलिसो कॅन्यन म्हणून जागा आहे. तिथली एसएस-25 ही विहीर 1953 मध्ये तेलासाठी खोदायला घेतली आणि 1973 मध्ये गॅस साठवायला लावली. 23 ऑक्टोबर 2015 ला ती गळतेय हे लक्षात आलं. ती ताब्यात यायला 11 फेब्रुवारी 2016 उजाडला. वरून चिखल आणि खारं पाणी ओतून विहीर मारायचे (आमच्या धंद्यात ‘वेल किल करणं’ असंच म्हणतात) सात प्रयत्न फसले. शेवटी शेजारून दुसरी विहीर तिरकी खोदत नेऊन खाली, मुळाशी पहिली गाठावी लागली. तोवर सुमारे 97,000 टन मिथेन हवेत गेला होता. खालच्या पोर्टर रँच वस्तीतल्या आठ हजारांवर कुटुंबांनी घरं सोडली. गॅसला वास यावा म्हणून जे रसायन मिसळतात त्याने माणसांची डोकी दुखत होती, काहींच्या नाकातून रक्त येत होतं.

कारण काय निघालं? तपासाचा अहवाल 2019 मध्ये आला. मी तो सावकाश वाचला, कारण हे थेट माझ्या कामातलं. विहिरीच्या भोकात बसवलेली पोलादी नळी म्हणजे केसिंग. इथली 7 इंची केसिंगची नळी 892 फुटांवर फाटली होती. ती बाहेरून गंजलेली होती. तुमच्या सांगलीच्या जुन्या वाड्यात भिंतीतला पाइप कसा जातो, तसंच. पाइपातलं पाणी त्याला खात नाही, भिंतीतली ओल खाते. इथे 7 इंचीच्या बाहेर पावणेबारा इंची केसिंग होतं, 990 फुटांपर्यंत. तेही आधीच खाल्लेलं. दोहोंच्या मधल्या जागेत भूजल शिरलं आणि त्यातल्या जंतूंनी पोलाद पोखरलं. वरून बघणाऱ्याला यातलं काहीएक दिसत नाही.

बरं, गॅस कशातून जात होता? अशा विहिरीत केसिंगच्या आत आणखी एक बारीक नळी असते, ट्यूबिंग. गॅस फक्त ट्यूबिंगमधून खेळवला, तर ती फुटली तरी बाहेर केसिंग उभं असतं. इथे जास्त गॅस काढता यावा म्हणून दोन्हींतून खेळवत होते. म्हणजे केसिंग गेलं की पुढे फक्त माती. तळाशी एक सुरक्षा झडप होती, ती 1979 मध्ये काढली आणि परत बसवलीच नाही.

आता कागदाकडे येतो. त्याच अहवालात आहे की त्या जागी याआधी साठाहून जास्त केसिंग-गळत्या झाल्या होत्या. दुरुस्त्या झाल्या, पण नळी का फुटली याच्या मुळाशी कुणी गेलं नाही. 1988 मध्ये कंपनीतल्याच लोकांनी 20 जुन्या विहिरींची केसिंग तपासायची यादी केली होती. त्यात एसएस-25 होती. तपासल्या 7. एसएस-25 राहिली ती राहिलीच.

मला हे वाचून धक्का वगैरे बसला नाही, खोटं कशाला बोलू. मी जिथे होतो त्यातल्या एका ठिकाणची गोष्ट सांगतो, नाव सांगत नाही. विहिरीच्या तोंडाशी दोन नळ्यांमधल्या जागेचा दाब दाखवणारा गेज असतो. तो शून्याच्या आसपास हवा. वाढला तर आत कुठेतरी गळतंय. रजिस्टरमध्ये त्या विहिरीपुढे रोज 12 लिहिलेलं होतं. सोमवारी 12, मंगळवारी 12, दिवाळीत 12, पुढच्या दिवाळीतही 12. अक्षर तीन वेगवेगळ्या लोकांचं, आकडा एक. मी गेजला बोटाने टिचकी मारली. काटा हलला नाही. गेज उघडला तर आत चिखलमाशीने घर केलं होतं आणि त्याला टेकून काटा थांबला होता. नवा गेज लावला, दाब निघाला 340. त्या रात्री आम्ही विहिरीत तापमापक सोडून तापमानाचा लॉग, म्हणजे खोलीगणिक तापमानाचा आलेख, उतरवला. दाबाखालचा गॅस फटीतून सुटला की तिथे गारवा येतो आणि आलेखाची रेघ त्या खोलीवर एकदम डावीकडे कलते. ती कललेली रेघ मला अजून दिसते. विहीर दुरुस्त झाली, कुणाला काही झालं नाही, आणि म्हणून ही बातमी कुठेच आली नाही. पण ताई, चौदा महिने तो आकडा लिहिणारा, त्यावर सही करणारा आणि ते रजिस्टर कपाटात ठेवणारा, तिघेही ‘कंप्लायन्स’च, म्हणजे नियम पाळल्याची नोंद ठेवण्याचंच काम, करत होते. तुमचा मुलगा काय करतो ते यावर ठरेल, की ओळीने बारा दिसले तर तो गेज बघायला जातो की नाही.

आता त्याच्या कायद्याचं. 2016 पर्यंत तिकडचं केंद्र सरकार गॅसच्या जमिनीवरच्या पाइपलाइनचे नियम करत होतं. विहिरीच्या आत उतरायचे नियमच नव्हते, ते राज्यांवर सोडलेलं. कॅन्ससमध्ये तर आणखी गंमत झाली. एकाहून जास्त राज्यांना गॅस पुरवणाऱ्या साठ्यांवर राज्याचा अधिकार चालत नाही असं 2010 मध्ये फेडरल कोर्टाने म्हटलं. राज्याचे निरीक्षक मागे सरले, केंद्राचे आलेच नाहीत. काही वर्षं त्या विहिरींना कुणी सासू नव्हती. आणि हे त्याच राज्यात, जिथे हचिन्सन गावात 17 जानेवारी 2001 ला बाजारपेठेत स्फोट झाला होता आणि दुसऱ्या दिवशी गावाच्या कडेला मोबाइल होमच्या (हलवता येणाऱ्या तयार घरांच्या) वस्तीत दुसरा. दोन माणसं गेली. गॅस आला होता सुमारे सात मैलांवरच्या, मिठाच्या पोकळ्यांतल्या गॅस-साठ्यातून. एका विहिरीच्या केसिंगला छिद्र पडलं, गॅस एका पातळ खडकाच्या थरातून आडवा गावापर्यंत आला आणि वर निघाला तो मीठ काढायला पाडलेल्या गावातल्या जुन्या, विसरलेल्या विहिरींतून. त्या विहिरी कुठे आहेत याची नोंद कुणाकडे धड नव्हती. 1950 सालच्या फायली कशाला चाळायच्या, याचं उत्तर हचिन्सनच्या लोकांना विचारावं.

आलिसो कॅन्यननंतर जून 2016 मध्ये कायदा झाला, डिसेंबरमध्ये तातडीचे नियम आले, आणि अंतिम नियम फेब्रुवारी 2020 मध्ये. नियम म्हणजे काय, तर तेल-गॅस उद्योगाच्या संघटनेने 2015 मध्येच लिहिलेली दोन पुस्तकं, एक मिठाच्या पोकळ्यांचं आणि एक जुन्या खडकांचं, सरकारने उचलून बंधनकारक केली. यात एक शब्दाचा खेळ झाला तो मला फार आवडतो. पुस्तकांत काही ठिकाणी ‘केलेच पाहिजे’ होतं आणि काही ठिकाणी नुसतं ‘करावे’. तातडीच्या नियमात सरकार म्हणालं, सगळं ‘करावे’ हे ‘केलेच पाहिजे’ समजा. नाही करायचं तर का नाही ते लिहून ठेवा. कंपन्यांनी तक्रार केली की ज्यांनी पुस्तक लिहिलं त्यांनी विचार करूनच ‘करावे’ म्हटलं होतं. अंतिम नियमात ते परत साधं ‘करावे’ झालं. कंपन्यांचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं, प्रत्येक खडक वेगळा असतो. तरी मी असतो तर ‘का नाही ते लिहून ठेवा’ एवढं सोडलं नसतं. न केलेल्या कामाचं कारण लिहायला बसलं की निम्म्या वेळा माणूस उठून ते काम करून टाकतो.

तुमच्या मुलाची मुदत या अंतिम नियमातलीच. प्रत्येक विहिरीचा धोका ठरवायचा, जास्त धोक्याच्या 40 टक्के विहिरींची पहिली तपासणी 13 मार्च 2024 पर्यंत, आणि उरलेल्या सगळ्यांची 13 मार्च 2027 पर्यंत. त्यानंतर सात वर्षांच्या आत पुन्हा. तपासणी म्हणजे केसिंगमध्ये उपकरण सोडायचं. ते चुंबकाने किंवा ध्वनिलहरींनी पोलादाची जाडी मोजत वर येतं. आता जुनी फाइल नसेल तर मूळ जाडी किती होती ते कळणार कसं? आज पाव इंच भरली, तर ती पाव इंचच होती की अर्ध्याची पाव झाली? केसिंगच्या बाहेरून भरलेलं सिमेंट कुठपर्यंत चढलं होतं, कुठे केसिंग उघडं राहिलं, हे 1950 साली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेल्या एका कागदावर असतं. तो कागद शोधायला कारकून नाही चालत, वाचता येणारा इंजिनीअर लागतो.

गणपतीचं मात्र मी काही करू शकत नाही. पुढचा फोन येईल तेव्हा त्याला एकच विचारा : तुझ्या विहिरींत गॅस फक्त ट्यूबिंगमधून जातो की केसिंगमधूनही? आईने हे विचारलं म्हणून तो आधी हसेल. मग उत्तर द्यायला किती वेळ घेतो ते बघा.

प्रश्न : आमच्या गावाजवळ समुद्रातून गॅस येतो. तो इथे जमिनीखाली साठवतात असं काही लोक म्हणतात. खरं आहे का?
— एक वाचक, उरण

उत्तर : नाही. मुंबई हायकडचा गॅस उरणला येतो, तिथे प्रक्रिया होते आणि तो पाइपने पुढे जातो. वर लिहिलं तशी, जुन्या खडकात गॅस भरून ठेवायची सोय आपल्या देशात अजून सुरू नाही. दाभोळला जहाजाने येतो तो द्रवरूप गॅस, उणे 160 अंशांच्या आसपास, आणि तो जमिनीवरच्या टाक्यांत असतो.

जमिनीखाली आपण साठवतो ते कच्चं तेल : विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पाडूर मिळून 53.3 लाख टनांची जागा. विशाखापट्टणमला स्वयंपाकाच्या गॅसचीही एक गुहा आहे, 60,000 टनांची. या गुहा सलग कातळात खोदलेल्या, आतून अस्तर नाही. मग तेल किंवा गॅस कातळाच्या भेगांतून पळत का नाही? कारण भोवतीच्या भूजलाचा दाब आतल्या मालापेक्षा जास्त ठेवलेला असतो. गळायचंच झालं तर पाणी आत येतं, माल बाहेर जात नाही. आत आलेलं पाणी पंपाने उपसतात. भूजल उतरू नये म्हणून गुहेच्या वर आडव्या बोगद्यातून भोकं पाडून पाणी सोडत राहतात, त्याला पाण्याचा पडदा म्हणतात. तेव्हा अशा गुहेवर जो ड्युटीला असतो त्याची नजर तेलाइतकीच निरीक्षण-विहिरींतल्या पाण्याच्या पातळीवर असते. उन्हाळ्यात जरा जास्तच.