आईला फायनान्सवाल्यांकडून शेळ्यांसाठी 40 हजारांचं गटकर्ज मिळतंय, घ्यावं का? अशा कर्जाने गरिबी खरंच हटते का?

गरिबी वगैरे हटत नाही. हैदराबादच्या वस्त्यांमध्ये बॅनर्जी-डफ्लो वगैरे अर्थतज्ज्ञांनी अशी कर्जं तपासली तेव्हा ज्यांचा आधीच धंदा होता त्यांचा थोडा वाढला, पण घरं काही वर आली नाहीत. बांगलादेशात गरिबांना अशी छोटी कर्जं देणाऱ्या युनूस साहेबांना 2006 ला नोबेल मिळालं ते मिळालं.

पण "बायका कर्ज काढून घर बुडवतात" हे मी ऐकून घेणार नाही. आमचे धाकटे भाऊजी प्रत्येक लग्नात चार माणसांत हेच बोलतात. आम्ही लातूरकडचे, सोयाबीनवाले. कर्ज माझ्या नावावर, फोटो माझा, अंगठ्याचं मशीन माझ्यासमोर, आणि पैसा गेला भाऊजींच्या बोअरमध्ये. बोअर कोरडी. मग दर मंगळवारी सकाळी समाजमंदिरात सतरंजीवर बसायचं, साहेब कार्डावर सही करणार, आणि एकीचा हप्ता कमी पडला की उठायचाच नाही, बाकीच्यांनी पदराला गाठ मारलेले पन्नास-शंभर सोडायचे तेव्हा कुठे. भाऊजी त्या वेळी पारावर. आता मला सांगा, सोयाबीनचा पैसा दिवाळीला एकदाच येतो, हप्ता दर आठवड्याला, मग मजुरीतूनच जाणार ना? मी खुरपणीला जाऊन फेडलंय ते, सगळं.

त्यापेक्षा बचत गट बरा. आमच्यात शेकडा दोन रुपये व्याज, म्हणजे वर्षाचे 24 टक्के, फायनान्सवाल्यांचंही साधारण तेवढंच पडतं, पण गटातलं व्याज गटातच राहतं आणि अडचण असली तर बायका महिनाभर थांबतात. बँकेनं गटाला कर्ज द्यायचं हे नाबार्डने 1992 पासून चालू केलंय, तुमच्या आईच्या गटाने मागावं की.

शेळ्यांचं म्हणाल तर शेळी व्यायला पाच महिने, करडू विकण्याजोगं व्हायला अजून सहा-आठ, तोवर हप्ता कशातून देणार ते आधी ठरवा. दूध-भाजी-शिलाईसारखा रोजचा पैसा घरात येत असेल तर घ्या, सगळेच फायनान्सवाले वाईट नसतात, सावकारापेक्षा तर बरेच. आणि 2022 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि वसुलीला सकाळी नऊच्या आधी, संध्याकाळी सहानंतर फोन करायचा नाही. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही.

आणि पैसा हातात आल्यावर आईनेच बाजारात जाऊन शेळ्या घ्याव्यात, काका-मामा-भाऊजी कुणाच्या हातात द्यायचा नाही.