लॉकडाऊनमध्ये कामावर कोण जात होतं? बसच्या दारातून पाहिलेलं

तुमचा प्रश्न असा की 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई आणि आसपासच्या पट्ट्यात ‘अत्यावश्यक सेवा’ म्हणून रोज बाहेर पडणारे नेमके कोण होते, आणि प्रबंधासाठी डॉक्टर, पोलीस, सफाई, बँक अशी वर्गवारी पुरेल का. माझ्या मते नाही पुरणार.

मी तेव्हा बेस्टमध्ये कंडक्टर होतो, आता निवृत्त आहे. 22 मार्चच्या मध्यरात्री लोकल बंद झाली ती 15 जूनपर्यंत. तोवर ज्याला कामावर जायचं त्याला आमची बस नाहीतर एसटी. दारात उभं राहून आधी ओळखपत्र बघायचं, मग तिकीट फाडायचं. अडीच-तीन महिने मी माणसांची तोंडं पाहिलीच नाहीत, मास्क होते. पाहिली ती कार्डं. त्यावरूनच सांगतो.

केंद्राच्या 24 मार्चच्या आदेशात कोणाला सूट ते दिलं होतं: दवाखाने, बँका आणि एटीएम, रेशन दुकानं, पेट्रोल पंप, वर्तमानपत्रं, खासगी सुरक्षा वगैरे. पण ती यादी आस्थापनांची आहे, माणसांची नाही. एकाच हॉस्पिटलच्या गेटातून आत जाणाऱ्या चौघांच्या हातात चार तऱ्हेचे कागद असायचे. म्हणून तुम्हाला एकच सुचवतो. माणूस कुठल्या खात्यात कामाला ते नंतर विचारा. पैसे कसे मिळतात ते आधी विचारा. पगार, कंत्राट की मानधन.

पगारवाल्यांचं कार्ड लगेच ओळखू यायचं. प्लास्टिकचं, फोटोवालं, गळ्यात पट्टा. पालिकेचे कायम कामगार, पोलीस, बेस्टचे आम्ही. पालिका शाळांचे शिक्षकसुद्धा. त्यांना रेशन वाटपाला आणि सर्वेक्षणाला लावलं होतं. खडू धरणारा माणूस तांदळाची पोती मोजत होता. पोलिसांमध्ये एप्रिलअखेर 55 वर्षांवरच्यांना घरी बसायला सांगितलं, त्यामुळे नाक्यावर अचानक सगळी तरुण मुलं दिसायला लागली.

कायम सफाई कामगारांबद्दल एक गोष्ट तुमच्या कुठल्याच रकान्यात बसणार नाही, ती म्हणजे जात. सरकारने सफाई कामगारांसाठी नेमलेल्या लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे ही नोकरी वारसाला लागते. म्हणून झाडू बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे. बहुतेक सगळे दलित समाजातले, इथले आणि काठियावाडातून आलेलेही. आणि हे नवीन नाही. ज्या 1897 च्या साथरोग कायद्याचा 2020 मध्ये आधार घेतला, तो मुंबईच्याच प्लेगमुळे आला. 1896 च्या त्या प्लेगमध्ये म्युनिसिपालटीला सगळ्यात मोठी धास्ती होती ती हलालखोर, म्हणजे मैला वाहणारे, शहर सोडून जातील याची. डॉक्टर गेले असते तर काय, याची तेवढी काळजी केलेली दिसत नाही!

आता कंत्राट. इथे कार्ड नसायचं, पत्र असायचं. कंत्राटदाराच्या लेटरहेडची झेरॉक्स, पुसट शिक्का, खाली ‘दिनांक अमुकपर्यंत वैध’. घामाने भिजू नये म्हणून बायका ते दुधाच्या रिकाम्या पिशवीत घालून ब्लाउजमध्ये ठेवायच्या. कचऱ्याच्या गाड्यांवरचे, वॉर्डबॉय, आया, लिफ्टमन, सोसायट्यांचे वॉचमन, सगळे यातले. पालिकेच्या अशा 2,700 सफाई कामगारांना कायम करा, हा निर्णय सुप्रीम कोर्टात टिकायला 2017 उजाडलं होतं, आणि तरी कंत्राट संपलं नव्हतंच.

मे महिन्यातली गोष्ट. डोंबिवलीहून सायनकडे पहाटेची फेरी. एक आया रोज तिसऱ्या बाकावर खिडकीशी बसायची, एका खासगी हॉस्पिटलात कामाला. त्या दिवशी तिच्या पत्राची मुदत 30 एप्रिलला संपलेली. आदल्याच दिवशी नाक्यावर आमच्या एका गाडीला अर्धा तास अडवलं होतं, म्हणून मी म्हटलं, “मावशी, उतरा, नवीन कागद आणा.” ती म्हणाली, “दादा, कागद सायनला मिळतो. तिथे गेल्याशिवाय कसा आणू?” मला उत्तर सुचलं नाही. उतरवलं तिला. दुसऱ्या दिवशी नवीन कागद घेऊन आली. कसा मिळवला विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. एक खाडा पडला एवढंच म्हणाली.

याच काळात कल्याण-डोंबिवली महापालिकेने आदेश काढला होता की मुंबईत कामाला जाणाऱ्यांनी 8 मेपासून तिकडेच राहावं, ये-जा नको. ओरड झाल्यावर मागे घेतला. म्हणजे मुंबईला माणसं हवीत, पण त्यांचं अंथरूण बदलापूर, विरार, पनवेलला; आणि तिथले शेजारी त्यांच्याकडे संशयाने बघणार. ‘प्रदेशाचं मनुष्यबळ’ म्हणता ना, त्याचा नकाशा मुंबईच्या हद्दीत काढू नका.

मानधनवाले माझ्या बसमध्ये नव्हतेच, म्हणून ते तुमच्याही नजरेतून सुटतील. पालिकेच्या आरोग्य सेविका ज्या वस्तीत राहतात तिथेच घरोघर फिरतात. धारावीत 1 एप्रिलला पहिला रुग्ण सापडल्यावर गल्लीगल्लीत जाऊन ताप आहे का विचारणारी हीच बाई. कागदोपत्री ती स्वयंसेविका. स्वयंसेवकाला रजा नसते, पेन्शन नसते.

भाजीचंही थोडक्यात सांगतो. वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, माल उतरवणारे माथाडी, सातारा-सांगली-जुन्नरकडचे. बाजारात संसर्ग पसरला आणि 11 ते 17 मे तो बंद ठेवावा लागला. माथाडींना 1969 पासून स्वतंत्र कायदा आहे, बोर्ड आहे, त्यामुळे त्यांना कंत्राटवाल्यांत सरसकट टाकू नका. डबेवाले मात्र मार्चमध्येच थांबले. ऑफिसंच बंद, डबा कोणाला? घरकाम करणाऱ्या बायका यादीत नव्हत्या. त्यांची गिनती घरी बसलेल्यांत झाली, बिनपगारी.

15 जूनला निवडक लोकल सुरू झाल्या तेव्हा कोण कोण आहे ते आपोआप वेगळं झालं. माझी गाडी एका दिवसात अर्धी रिकामी. राज्य सरकारच्या यादीतले, पट्टा-कार्डवाले रेल्वेने गेले. बसमध्ये उरले औषधाच्या दुकानातले पोरगे, वॉचमन, आणि तिसऱ्या बाकावर मावशी. स्टेशनात सोडलं नाही म्हणाली. पत्र दाखवलं होतं, मुदतही बाकी होती, पण फोटो नव्हता त्यावर.