गाडी उलाळ होऊ नये : लहान कॅम्पर ट्रेलरमध्ये फ्रिजची जागा

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. मी आणि माझे मेहुणे मिळून जीपमागे ओढण्याजोगा एक लहान कॅम्पर ट्रेलर घरीच तयार करीत आहोत. चेसिस एका फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला असून वरचा सांगाडा आणि प्लाय आम्ही बसवला आहे. आतली लांबी १० फूट, रुंदी ६ फूट आणि चाकांची जोडी एकच आहे. मागच्या २ फुटांत स्वयंपाकाचा कट्टा असून तो मागचे झाकण वर उचलून बाहेरून वापरायचा आहे. केबिनमध्ये उजवीकडे पुढच्या भिंतीपासून लांबीने पलंग आहे, डावीकडे चाकाच्या पुढे दार आहे आणि दारामागे चाकावरचा पत्र्याचा डबा केबिनमध्ये आला आहे. बारा व्होल्टवर चालणारा, वरून झाकण उघडणारा ४० लिटरचा फ्रिज घ्यायचे ठरले आहे. परंतु त्याच्या जागेवरून घरात एकमत होत नाही. सौ. म्हणतात की तो कट्ट्याशेजारीच हवा. मेहुण्यांच्या मते तो बाहेर पुढच्या दांडीवर पेटीत ठेवावा, म्हणजे आतली जागा वाचेल. मला तो पलंगाखाली सरकवावा असे वाटते. फ्रिजभोवती सनमायका लावलेले कपाट करण्याचाही विचार आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : आपण जागेचा प्रश्न प्लाय कापण्यापूर्वी विचारलात, हे फार बरे झाले. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत कपाट आधी तयार झालेले असते आणि मग त्यात बसेल असा फ्रिज शोधण्याची धडपड चाललेली असते.

निपाणी-चिकोडीकडे उसाची बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना या प्रश्नाचे अर्धे उत्तर आधीच ठाऊक आहे. मोळ्या मागे जास्त झाल्या की गाडी उलाळ होते, म्हणजे मागचा भार जूच वर उचलू लागतो. पुढे जास्त झाल्या की सारे ओझे बैलांच्या मानेवर येते. अनुभवी गाडीवान शेवटच्या काही मोळ्या हातात धरून त्या कुठे टाकायच्या याचा विचार करतो, तो यासाठीच. एका आसाचा ट्रेलर हीदेखील तशीच दोन चाकांची गाडी आहे. फरक इतकाच की बैल मान झटकून तक्रार करतो आणि जीप ती करीत नाही. तक्रार येते ती ताशी ७० किलोमीटरच्या वेगात, ट्रेलरचे शेपूट डावी-उजवीकडे हलू लागते तेव्हा.

म्हणून कपलरवर, म्हणजे जीपच्या हुकात अडकणाऱ्या ट्रेलरच्या पुढच्या टोकावर, येणारा भार हा पहिला विचार होय. एकूण भरलेल्या वजनाच्या साधारण ७ ते १० टक्के भार कपलरवर असावा, असे धरून चालावे; अमेरिकेत हे प्रमाण १० ते १५ टक्के धरतात, तर युरोपात त्याहून कमी. मात्र आपल्या जीपच्या आणि तिच्या हुकाच्या सोसण्याची जी मर्यादा दिलेली असेल, ती कोणत्याही परिस्थितीत ओलांडू नये. आपला ट्रेलर सामानासह ७०० किलो भरेल असे मानले, तर कपलरवर ५० ते ७० किलो हवेत. ४० लिटरचा फ्रिज आणि त्यातील दूध, भाजी, मासळी, पाण्याच्या बाटल्या मिळून ४० किलो धरू. आपल्या आराखड्यात चाकांचा आस पुढच्या भिंतीपासून पावणेसहा फुटांवर दिसतो आणि कपलरपासून आसापर्यंतचे अंतर १० फूट आहे. आता गणित सोपे होते : वजनाला आसापासूनच्या अंतराने गुणावे आणि १० ने भागावे. फ्रिज मागच्या कट्ट्याजवळ, आसाच्या साडेतीन फूट मागे ठेवला, तर कपलरवरचा भार १४ किलोंनी कमी होतो. तोच पुढच्या दांडीवर, आसाच्या ७ फूट पुढे ठेवला, तर २८ किलोंनी वाढतो. ५०-७० किलोंच्या हिशेबात हे दोन्ही आकडे मोठे आहेत. त्यातही मागे गॅसची टाकी, भांडी आणि धान्याचे डबे आधीच असणार, याचा विचार करावा.

हे आम्ही पुस्तकी बोलत नाही. आमच्या पहिल्या ट्रेलरमध्ये फ्रिज कट्ट्यातच होता, कारण घरात फ्रिज स्वयंपाकघरातच असतो, एवढाच त्यामागचा विचार. बेळगावहून संकेश्वरकडे जाताना वंटमुरीच्या उतारावर एक लक्झरी बस शेजारून गेली आणि तिच्या वाऱ्याच्या झोताने ट्रेलर जो हलू लागला, तो थांबेचना. सुदैवाने जोरात ब्रेक मारण्याची चूक हातून झाली नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून गाडी आपोआप मंदावू दिली. उतार संपल्यावर कडेला थांबून पाण्याचे दोन कॅन मागून काढून केबिनच्या पुढच्या टोकाला बांधले, आणि पुढचा सारा प्रवास ट्रेलर शहाण्या मुलासारखा मागून आला. घरी परतल्यावर कट्ट्यातले कपाट उघडले, तर अंड्यांच्या ट्रेमधील सात अंडी फुटलेली होती आणि त्यांचा बलक फ्रिजच्या तळाशी वाळून चिकटला होता. शेपटाचा भाग सर्वांत जास्त उसळतो, हे आम्हांला त्या बलकाने शिकवले.

तेव्हा आमचा सल्ला असा की, फ्रिज डावीकडे चाकाच्या डब्यावर, म्हणजे जवळजवळ थेट आसावर ठेवावा. या जागेचा खरा फायदा सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. फ्रिजमधील वजन प्रवासात सतत बदलते. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना तो अर्धा रिकामा असतो आणि परतताना मासळी-बर्फाने भरलेला असतो. आसावरचे वजन वाढले काय किंवा घटले काय, कपलरवरचा भार जवळजवळ तेवढाच राहतो. पलंगाखाली किंवा पुढच्या कोपऱ्यात ही सोय मिळत नाही.

दुसरा फायदा उंचीचा आहे. चाकाचा डबा केबिनच्या तळापासून १० ते ११ इंच वर असतो आणि या आकाराचा फ्रिज साधारण १८ ते २० इंच उंच असतो, त्यामुळे झाकण बरोबर कमरेच्या उंचीवर येते. पलंगावर बसल्या बसल्या दुधाची पिशवी काढता येते, आणि दाराबाहेर उभे राहूनही हात पोहोचतो, म्हणजे पावसात चिखलाचे पाय आत आणावे लागत नाहीत. आपल्याकडे दार डावीकडे, रस्त्याच्या कडेला उघडते, हेही सोयीचे आहे. आपल्या पलंगाखालच्या जागेत मात्र फ्रिज सरकत्या चौकटीवर ठेवावा लागेल. साध्या ड्रॉवरची टेलिस्कोपिक चॅनल ४० किलो आणि खड्डे दोन्ही सोसणार नाही, आणि झाकण उघडण्यासाठी प्रत्येक वेळी सारा फ्रिज ओढून बाहेर काढावा लागेल. मेहुण्यांच्या दांडीवरील पेटीबद्दल एवढेच सांगतो की, जीपच्या मागच्या चाकांची खडी आणि खानापूर भागातला पावसाळा हे दोन्ही थेट त्या पेटीवरच येतील.

चाकाच्या डब्यावर ठेवायचा म्हणजे त्या पत्र्यावर टेकवायचा, असा अर्थ मात्र घेऊ नये. एमएस अँगलची चार पायांची चौकट करून तिचे पाय चेसिसच्या आडव्या पट्ट्यांना नट-बोल्टने आवळावेत, नुसत्या प्लायमध्ये स्क्रू मारून भागवू नये. अचानक ब्रेक लागला की ४० किलोंची वस्तू प्लायसकट उखडते. नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचे कडे असलेले, नट वापरावेत, कारण साधे नट आपल्या रस्त्यांवर हमखास सैल होतात. फ्रिजखाली रबरी मॅट आणि वरून पट्टा असावा.

आता सनमायकाच्या कपाटाबद्दल. ते करू नये. फ्रिज थंडी निर्माण करीत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो, आणि बाहेर टाकायला जागा मिळाली नाही तर तीच उष्णता पुन्हा आत शिरते, कंप्रेसर थांबत नाही आणि बॅटरी रात्रीतच बसते. वरून उघडणाऱ्या लहान फ्रिजमध्ये कंप्रेसर एका टोकाला असतो आणि त्या टोकाला हवेची जाळी असते. दुकानात रंग आणि लिटर पाहण्याआधी ही जाळी कोणत्या बाजूला आहे ते पाहावे. आपल्या जागेत ती दाराकडे, मोकळ्या बाजूला आली पाहिजे. ती मागच्या फळीकडे आली, तर फ्रिज उलट दिशेला फिरवून ठेवावा आणि झाकण कोणीकडे उघडते ते पुन्हा तपासावे. भिंतीपासून २ इंच आणि जाळीसमोर किमान ४ इंच मोकळे सोडावेत. जाळीसमोर टॉवेल वाळत घालण्याचा मोह होतो, कारण तिथून कोमट हवा येते, तो आवरावा. फ्रिजच्या वर कपाट नको, अन्यथा झाकण पूर्ण उघडणार नाही.

या उष्णतेने केबिन तापेल का, अशी शंका काही वाचक विचारतात. फ्रिज खोलीतच असेल, तर तो खोलीतून घेतलेली उष्णता खोलीलाच परत देतो. वरकड भर पडते ती फक्त त्याने खाल्लेल्या विजेची. ४५ वॉटचा फ्रिज उन्हाळ्यात अर्धा वेळ चालला, तर ती भर सरासरी २२-२३ वॉटची झाली, एका लहानशा दिव्याइतकी. तेवढ्यासाठी बाहेरच्या भिंतीला भोके पाडून पावसाळ्याला आमंत्रण देण्याची गरज नाही.

याच हिशेबाने दिवसाला सुमारे ५४० वॉट-तास, म्हणजे बारा व्होल्टवर ४५ अँपिअर-तास लागतात. १०० अँपिअर-तासांच्या साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये, म्हणून ती फ्रिजला जेमतेम एक दिवस पुरते. ही बॅटरी पलंगाखाली, फ्रिजच्या समोर आसाच्या किंचित पुढे ठेवावी. तिचे वजन ३० किलोंच्या आसपास असते, त्यामुळे डावीकडच्या फ्रिजला उजवीकडे तोल मिळतो. पाण्याचा कॅन तोलासाठी धरू नये. तो संध्याकाळपर्यंत रिकामा होतो.

बॅटरी जवळ ठेवण्याचे दुसरे कारण वायरीचे आहे. बारा व्होल्टवर ५ अँपिअरचा प्रवाह वाहताना वायरीची लांबी फार महागात पडते. फ्रिज १२ फुटांवर असेल आणि दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घातली असेल, तर जाऊन-येऊन जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. चार चौरस मिलिमीटरच्या वायरीत हाच खर्च १७ शतांश व्होल्टच्या आसपास राहतो. कंप्रेसर सुरू होताना प्रवाह अधिक लागतो, फ्रिजमधील संरक्षण व्यवस्थेला व्होल्टेज पडलेले दिसते आणि बॅटरीत भरपूर वीज असतानाही ती फ्रिज बंद करते. अशा वेळी लोक बॅटरी बदलतात आणि दोष वायरीतच राहतो. आपल्या मांडणीत अंतर ५-६ फुटांचेच असले, तरी चार चौरस मिलिमीटरची वायर घालावी आणि फ्यूज बॅटरीच्या टोकाला लावावा.

सौभाग्यवतींची अडचण मात्र खरी आहे, आणि ती दोन वाक्यांत उडवून लावण्यासारखी नाही. कट्टा मागे, फ्रिज डाव्या दाराशी, म्हणजे प्रत्येक चहाला दुधासाठी ट्रेलरला वळसा घालावा लागेल. आम्ही स्वतः यावर जो उपाय योजला, तो असा : कट्ट्यात थर्माकोलचे अस्तर असलेला ५-६ लिटरचा लहान डबा ठेवतो, सकाळी त्यात दिवसाचे दूध, दही, कोथिंबीर आणि फ्रिजमध्ये गोठवलेली बर्फाची एक बाटली घालतो, आणि मोठा फ्रिज दिवसातून तीन-चार वेळाच उघडतो. त्याने वीजही वाचते.

काही कापण्यापूर्वी एक प्रयोग करावा. २० लिटरचे पाण्याचे दोन कॅन भरले की बरोबर ४० किलो होतात. ते चाकाच्या डब्याशी बांधून, बाकीचे सामान जसे असेल तसे भरून, ट्रेलर सपाट जागी आडवा समतोल उभा करावा आणि कपलरखाली लाकडी ठोकळा ठेवून त्याखाली घरचा वजनकाटा ठेवावा. आकडा लिहून घ्यावा. मग तेच कॅन कट्ट्यात ठेवून पुन्हा मोजावे आणि हे दुसरे मोजमाप सौभाग्यवतींच्या समोर करावे. आम्ही लिहिलेल्या चार पानांपेक्षा त्या काट्यावरील आकड्याने घरात लवकर एकमत होईल. या दुसऱ्या मांडणीत ट्रेलर रस्त्यावर नेऊ नये.

प्रश्न : माझ्या एका नातेवाइकाकडे स्वयंपाकाच्या गॅसवर चालणारा, परदेशातून आणलेला जुना लहान फ्रिज पडून आहे. वरील प्रकारच्या ट्रेलरमध्ये तो पलंगाखाली बसवता येईल का? बॅटरीचा खर्च वाचेल. — एक वाचक, निपाणी

उत्तर : पलंगाखाली मुळीच नाही. या फ्रिजमध्ये कंप्रेसर नसतो. फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश तरुणांनी १९२२ मध्ये शोधलेल्या पद्धतीने, ज्योतीच्या उष्णतेवर अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांचे चक्र फिरते. त्यात द्रव केवळ स्वतःच्या वजनाने खाली वाहत असल्यामुळे फ्रिज जवळजवळ समपातळीत उभा असावा लागतो. तिरक्या जागी ट्रेलर लावला की चक्र अडते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ज्योतीतून निघणाऱ्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो, ज्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. असा फ्रिज बसवायचाच झाला, तर त्याच्या पाठीमागचा भाग केबिनपासून पूर्ण बंद करून, बाहेरच्या भिंतीला खाली एक आणि वर एक अशा दोन जाळ्या ठेवून, खालून थंड हवा आत आणि वरून गरम हवा बाहेर जाईल अशी वाट करावी लागते. वाहन चालू असताना ज्योत पेटती ठेवू नये, आणि पेट्रोल पंपावर तर मुळीच नाही. जुन्या यंत्राच्या नळ्यांतून अमोनियाचा उग्र वास येत असेल, किंवा मागे पिवळसर डाग दिसत असतील, तर तो नातेवाइकाकडेच राहू द्यावा.