मामांच्या झेनिटची लेन्स नव्या कॅमेऱ्यावर बसंल का? बसंल, पण आधी मिलिमीटर बघा

होय, दोन्ही लेन्स वापरता येतात, पण दोन्हीचं उत्तर वेगवेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय की निपाणीत मामांचा फोटो स्टुडिओ होता, तो बंद केल्यावर कपाटातनं दोन लेन्स हाताला लागल्या, एक झेनिट ह्या जुन्या रशियन कॅमेऱ्याची हेलिओस ४४-२ आणि एक निकॉनची जुनी ५० एमएम, तुमच्याकडं आत्ता निकॉन डी ५६०० आहे आणि दिवाळीपर्यंत सोनी ए ६४०० घ्यायचा विचार चाललाय, तर ॲडॉप्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली रिंग, कुठला घ्यायचा, काचवाला की बिनकाचेचा, आणि कॅमेऱ्याला काही होणार नाही ना. मी बेळगावात उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे, आठवडाभर लेथ आणि व्हर्नियर, रविवारी कॅमेरा. त्यामुळं ह्या विषयाकडं मी आधी मापाच्या बाजूनं बघतो, आणि खरं सांगू का, हा विषयच मापाचा आहे.

लेन्स कॅमेऱ्याच्या ज्या कडेवर टेकते ती कड आणि आतला सेन्सर ह्यांच्यामधलं अंतर प्रत्येक कंपनीनं ठरवून ठेवलेलं असतंय. तुमची हेलिओस एम ४२ आट्याची, म्हणजे ४२ मिलिमीटर व्यास आणि १ मिलिमीटर पिच (एका फेऱ्यात एवढी पुढं सरकते), तिला ४५.४६ मिलिमीटर अंतर पाहिजे. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतर ४६.५. सोनीच्या मिररलेसचं फक्त १८. बस्स, तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर ह्या तीन आकड्यांत आहे.

आता डी ५६०० वर हेलिओस लावली तर काय होतंय बघा. लेन्सला ४५.४६ पाहिजे आणि कॅमेऱ्यातच ४६.५ आहे, म्हणजे मध्ये काहीही न घालता लेन्स १.०४ मिलिमीटर पुढं राहिली. एक मिलिमीटरनं काय बिघडतंय असं वाटतंय ना? ही लेन्स ५८ एमएमची, तर ५८ चा वर्ग करा, ३३६४, त्याला १.०४ नं भागा, उत्तर येतंय साधारण ३२३५ मिलिमीटर. म्हणजे सव्वातीन मीटरच्या पलीकडचं काहीच फोकस होणार नाही, आणि ॲडॉप्टरच्या रिंगच्या कडेची जाडी धरली तर त्याच्याहून कमी. घरात पोरांचा चेहरा, अंगणातली फुलं निघतील, पण रस्त्यापलीकडचं घर नाही निघणार. म्हणून त्या ॲडॉप्टरमध्ये एक छोटी काच घालून विकतात, ती काच फोकस लांबपर्यंत नेते पण चित्र थोडं मोठं करते आणि उघड्या ॲपर्चरला (लेन्समधलं उजेडाचं भोक पूर्ण मोठं असताना) सगळं दुधाळ, मऊ करून टाकते. हेलिओसची सगळी मजा एफ २ लाच आहे, आणि तिथंच ती काच घाण करते. तेव्हा डी ५६०० साठी काचवाला ॲडॉप्टर घेऊ नका, माझं स्पष्ट मत आहे.

सोनीवर मात्र गणित उलटं. ४५.४६ मधनं १८ गेले, राहिले २७.४६. मिररलेसमध्ये आरसा नाही, त्यामुळं सेन्सर पुढं आणता आलाय आणि मधली जागा मोकळी आहे, ती भरायला नुसतं २७.४६ मिलिमीटरचं पोकळ नळकांडं पुरतंय, काच नको, तार नको, काही नको. सोनीच पाहिजे असंही नाही, निकॉन झेडचं अंतर १६, फुजी एक्सचं १७.७, कॅनन आरएफचं २०, सगळीकडं हीच सोय आहे. तुम्ही कुठलाही मिररलेस घ्या, मामांच्या दोन्ही लेन्स पूर्ण लांबपर्यंत फोकस होतील.

पण नळकांडं बरोबर मापाचं पाहिजे, आणि इथंच माणसं फसतात, मीपण फसलो होतो. माझ्याकडं सेकंड हँड सोनी ए ६००० आहे, हेलिओस शहापूरच्या एका जुन्या स्टुडिओवाल्या काकांकडनं घेतली आणि ॲडॉप्टर ऑनलाइन सगळ्यात स्वस्त मागवला. पहिल्याच रविवारी वडगावच्या शिवारात जाऊन येळ्ळूरच्या राजहंसगडाचे फोटो काढले. बांधावरचं आंब्याचं झाड एकदम कडक शार्प, आणि गडाची तटबंदी मऊ, जणू मध्ये धुकं आहे. रिंग शेवटपर्यंत फिरवली, अजून फिरायला पाहिजे असं वाटत होतं पण फिरत नव्हती. दोन महिने मी लेन्सलाच दोष देत बसलो, जुनी आहे, असंच असणार म्हणून.

मग एक दिवस जेवणाच्या सुट्टीत ॲडॉप्टर सरफेस प्लेटवर ठेवला आणि चार ठिकाणी माप घेतलं. २७.६१, २७.६१, २७.६०, २७.६१. दोन्ही बाजू समांतर होत्या, ते काम चांगलं होतं, पण जाडी ०.१५ नं जास्त. परत तोच भागाकार करा, ३३६४ भागिले ०.१५, साधारण बावीस मीटर. झाड तेवढ्याच अंतरावर होतं ओ! लेन्स बिचारी पहिल्यापास्नं बरोबरच होती.

आमचे एक टर्नर काका आहेत, तीस वर्षं लेथवर, त्यांना दाखवलं. ते म्हणाले, "चकमध्ये आवळशील तर अंडं होईल ह्याचं, सॉफ्ट जॉ लाव." पातळ ॲल्युमिनियमची रिंग आहे, जास्त आवळली की गोल राहत नाही. सॉफ्ट जॉ, म्हणजे चकचे मऊ जबडे, लावून, डायल फिरवून रनआउट (रिंग डोलते का ते) बघून, लेन्स जिथं टेकते ती पुढची बाजू त्यांनी फेस केली, म्हणजे लेथवर सपाट कापून कमी केली, एकेका कटला दोन-तीन शतांश मिलिमीटर, एवढा बारीक की धातूचा कीस केसासारखा निघत होता. २७.४१ ला थांबलो. मुद्दाम ०.०५ जास्त काढलं, कारण थोडं पातळ चालतंय, लेन्स अनंताच्या, म्हणजे सगळ्यात लांबच्या खुणेच्या, जरा पुढं फिरते एवढंच, अंतराचे आकडे थोडे चुकतात, फोटो चुकत नाही. जाड मात्र अजिबात चालत नाही.

एक गोष्ट आधी लक्षात आली नव्हती. पुढची बाजू ०.२० नं कमी झाली आणि आट्याचं पिच १ मिलिमीटर, म्हणजे लेन्स पाचवा हिस्सा फेरा जास्त आत फिरली आणि तिच्यावरची खूण वरच्या बाजूला यायची ती खाली एका अंगाला गेली. बऱ्याच एम ४२ ॲडॉप्टरमध्ये आट्याची रिंग वेगळी असते, बाजूला तीन बारीक ग्रब स्क्रू असतात, ते ढिले करून रिंग फिरवली की खूण परत वर येते. मग सगळं साबणाच्या पाण्यानं धुतलं, वाळवलं, कडा बोटानं तपासल्या, कारण ॲल्युमिनियमचा एक कण जरी सेन्सरवर गेला तरी पुढचा खर्च मोठा.

त्याच संध्याकाळी गडाकडं गेलो. तटबंदीचा एकेक दगड मोजता येईल असा फोटो आला. लई बरं वाटलं, खरंच.

तुम्हाला लेथवर जायची गरज पडेलच असं नाही, बरेच ॲडॉप्टर मुळातच थोडे पातळ करून देतात. पण हातात आल्या दिवशी तपासा की. रात्री चंद्राकडं किंवा लांबच्या मोबाईल टॉवरच्या दिव्याकडं कॅमेरा धरा, ॲपर्चर पूर्ण उघडं, स्क्रीनवर मोठं करून बघा. रिंग शेवटाला जायच्या आधी दिवा सगळ्यात बारीक ठिपका झाला तर ॲडॉप्टर पास. शेवटाला जाऊनपण ठिपका फुगलेलाच असेल तर परत करा, मुदत संपायच्या आत. दुसरं, लेन्स बसवल्यावर हलते का बघा, थोडी हालत असेल तर ॲडॉप्टरचे स्क्रू ढिले असतात. तिसरं, आत डोकावून बघा, आतली बाजू चकचकीत असेल तर उन्हात फोटो पांढरट येतो. फळ्याला मारतात तो मॅट काळा रंग पातळ हातानं लावा आणि दोन दिवस वाळू द्या, फरक लगेच दिसतो.

आता निकॉनची ५० एमएम. ही तर तुमच्या डी ५६०० वर आजच बसते, ॲडॉप्टरच नको, निकॉनचं माउंट (लेन्स बसायची जागा) तेच आहे. फक्त त्या बॉडीला जुन्या लेन्सचं काही कळत नाही, त्यामुळं एम मोडवर (सगळं हातानं ठरवायचा) ठेवावं लागतंय आणि उजेड मोजणारा मीटर चालणार नाही. घाबरू नका, भर उन्हात एफ १६, आयएसओ १०० आणि शटर १/१२५ पासनं सुरू करा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, कमी-जास्त करा, आठवडाभरात हाताला सवय होते. फोकस बरोबर आला की व्ह्यूफाइंडरमध्ये खाली हिरवा ठिपका लागतो, तो ह्या लेन्सलापण चालतो. एकच सांगून ठेवतो, ती लेन्स १९७७ च्या आधीची, म्हणजे एआय (निकॉनची ॲपर्चर कॅमेऱ्याला जोडायची नंतरची पद्धत) नसलेली असेल तर तुमच्या डी ५६०० ला चालून जाते, पण दोस्ताच्या डी ७००० सारख्या बॉडीवर लावू नका, तिथं माउंटच्या बाजूला एक बारीक खटका असतो तो मोडतो. सोनी आल्यावर ह्या लेन्सला वेगळा ॲडॉप्टर लागेल, ४६.५ वजा १८, म्हणजे २८.५ मिलिमीटरचा. लेन्सवर स्वतःची ॲपर्चर रिंग आहे, तेव्हा साधाच घ्या.

कॅमेरा खराब होईल का, ह्याचं उत्तर नाही. बिनकाचेच्या ॲडॉप्टरमध्ये वीज नाही, चिप नाही, बिघडवायला काही नाहीच. फक्त लेन्स जबरदस्तीनं फिरवायची नाही, आणि पुढं कधी जड टेली लावली तर कॅमेऱ्याला न धरता लेन्सला धरायचं, नाहीतर सगळा भार माउंटवर येतो.

सोनीत दोन सेटिंग पहिल्यांदा करा. लेन्स नसताना शटर चालू दे असा एक पर्याय मेनूत असतोय, तो चालू करा, नाहीतर कॅमेरा म्हणणार लेन्सच नाही आणि बटण दाबून दाबून बोट दुखणार. दुसरं फोकस पीकिंग, लाल रंग ठेवा, फोकसमध्ये आलेल्या कडा लाल चमकतात. पण एफ २ ला पीकिंगवर पूर्ण भरवसा ठेवू नका, मोठं करून बघायचं एक बटण ठरवून घ्या, डोळ्याची पापणी दिसेपर्यंत मोठं करा आणि मग काढा. ए मोड चालतो, ॲपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा स्वतः ठरवतो. ए ६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही आणि ५८ एमएम तिथं क्रॉपमुळं (सेन्सर लहान असल्यानं) ८७ सारखी दिसते, म्हणून शटर १/१२५ च्या खाली जाऊ देऊ नका.

हेलिओसला दोन रिंगा शेजारी शेजारी बघून गोंधळ होतो. एकीवर आकडा ठरवायचा, समजा ५.६, आणि दुसरीनं उघडायचं-मिटायचं. उघड्यावर फोकस करा, मग न बघता दुसरी रिंग फिरवा, ती ५.६ ला जाऊन थांबते. ही सोय मला लई आवडते. आपल्याकडं शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक रात्रभर चालते ना, तिथं मी एफ २.८, आयएसओ ३२००, तीन मीटरला फोकस करून ठेवतो आणि माणूस त्या अंतरावर आला की दाबतो. मागं लायटिंगच्या माळा असल्या की त्या गोल फिरल्यासारख्या दिसतात, हीच ह्या लेन्सची ओळख, जर्मन बायोटारवरनं रशियनांनी घेतलेली रचना आहे. दिवसा हेच पाहिजे असेल तर माणसामागं चार-पाच मीटरवर पानांची झाडी ठेवा आणि एफ २.

हे सगळं करायच्या आधी, आजच, एक काम करा. दोन्ही लेन्स उघड्या ॲपर्चरला धरून मागनं मोबाईलचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर बुरशी आहे. आपल्याकडचा पाऊस, त्यात कपाट, त्यात चामड्याचं कव्हर, म्हणजे बुरशीला माहेरच. खानापूर-जांबोटी भागातल्या एका ओळखीच्या काकांच्या तीन लेन्स अशाच गेल्या. कडेला थोडे तंतू असतील तर फोटोत दिसत नाहीत, पण दुसऱ्या लेन्सजवळ ठेवू नका आणि जाणत्या कारागिराकडनं साफ करून घ्या. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिक डबा आणि सिलिका जेल एवढ्यावर पावसाळा निघतो. चामड्याचं कव्हर आठवण म्हणून वेगळं ठेवा, लेन्स त्यात नको.

फोकल रिड्यूसर म्हणून काचवाल्या ॲडॉप्टरचा एक प्रकार तुम्हाला दाखवतील, ०.७१ पट, एक स्टॉप उजेड जास्त, चांगली वस्तू आहे पण आत्ता नको. आधी साधा एम ४२ ते सोनी ई ॲडॉप्टर घ्या. तोपर्यंत ५० एमएम डी ५६०० वर लावून मामांचाच एक फोटो काढा, खिडकीजवळ बसवून. आणि ॲडॉप्टर आल्यावर चंद्राच्या परीक्षेत नापास झाला आणि परत करायची मुदतपण गेली असली तर टाकून देऊ नका, चार ठिकाणचं माप मला कळवा, किती फेस करायचा ते सांगतो. आमच्या सॉफ्ट जॉ अजून तशाच ठेवलेल्या आहेत.