वहीतली आजी मातीत उतरवताना

आलेलं पत्र थोडक्यात असं : ‘ताई, मी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यातली. बारावी कला शाखेत आहे. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ ग्रेड मिळाली. घरातल्या माणसांची, बाजारात बसणाऱ्या बायकांची लाइफ स्केचेस करून तीन वह्या भरल्यात. सुट्टीत शाडू आणली आणि माझ्याच एका चित्रावरून आजीची मांडी घातलेली मूर्ती करायला घेतली. समोरून आजी ओळखू येते, पण बाजूने चपटी दिसते आणि मागून तर काहीच नाही. मान दोनदा तुटून पडली. शिल्पकला माझ्या हातात नाही, असं समजायचं का? बाबा म्हणतात, पेंटिंग कर किंवा ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करून शाळेत लाग, मूर्तीकाम मुलींचं नाही. कलेच्या पदवीची प्रवेश परीक्षा, म्हणजे सीईटी, दिल्यावर कुठली शाखा घेऊ?’

तुझं पत्र वाचून मी आधी एकच गोष्ट शोधली. तीन वह्यांत आजीच्या पाठीची चित्रं किती, ते तू कुठेच लिहिलेलं नाहीस. बहुतेक एकही नसेल. मग मातीला पाठ कुठून येणार? तुझ्या हातात काही उणं नाही. तू आजीला एकाच जागेवरून पाहिलंस आणि मातीने ते तुला स्वच्छ सांगितलं. समोरून आजी ओळखू येते हे मला फार मोलाचं वाटतं. ओळख पटवणं हेच अवघड असतं आणि ते तुला जमलंय.

चित्र काढताना आपण एका जागी बसतो आणि कागदावर जे दिसतं तेवढंच खरं मानतो. शिल्पात जागा सोडावी लागते. गणपतीच्या आधी कुंभारवाड्यात जाऊन बघ. हाताने मूर्ती घडवणारा कारागीर पाट किती वेळा फिरवतो ते मोज. सोंडेवर चार बोटं फिरली की पाट वळतो, पोटाला माती लागली की पुन्हा वळतो. तू तुझी मूर्ती भिंतीला टेकवून केली असणार, हा माझा अंदाज.

तेव्हा आता मातीला हात लावायच्या आधी हे कर. आजीला नेहमीच्या जागी बसव आणि तिच्याभोवती खडूने गोल आखून त्यावर आठ खुणा कर, म्हणजे दोन खुणांमध्ये ४५ अंश राहतील. प्रत्येक खुणेवर बसून दहा मिनिटांचं एक चित्र काढायचं. एका दिवसात सगळी नकोत, आजीचे गुडघे दुखतील. तिच्या आसनाची जागाही खडूने आखून ठेव, म्हणजे दुसऱ्या दिवशी ती तिथेच बसेल. आठही कागदांवर डोक्याचा माथा, हनुवटी, खांदा आणि गुडघा यांच्या आडव्या रेघा एकाच उंचीवर मारून घे. एका चित्रात खांदा वर आणि दुसऱ्यात खाली आला, तर चूक तिथेच पकडता येईल. नववं चित्र स्टुलावर चढून वरून काढ. डोकं खांद्यांच्या किती पुढे आलंय आणि गुडघे किती लांब पसरलेत, हे वरून जसं कळतं तसं समोरून कधीच कळत नाही. सपाट मूर्तीवर सगळ्यात मोठा उपाय हे नववं चित्रच आहे.

मान का तुटली, तेही या चित्रांत दिसेल. म्हातारं माणूस मांडी घालून बसलं की पाठीला बाक येतो आणि डोकं छातीच्या पुढे जातं. ओल्या मातीचं डोकं असं पुढे लोंबलं की सगळा भार बारीक मानेवर येतो. आत तार नसेल तर ती तुटणारच. म्हणून आधी सांगाडा हवा, ज्याला आर्मेचर म्हणतात. लाकडी पाटावर लोखंडी सळई घट्ट बसवायची आणि तिला ॲल्युमिनियमची तार गुंडाळून कणा, खांदे, हात वळवायचे. डोक्याच्या जागी तारेचा छोटा वेढा ठेवायचा. पाठीचा बाक तारेलाच द्यायचा, माती लावल्यावर नाही. पोटात मातीचा मोठा गोळा बसतो, तो घसरू नये म्हणून दोन काड्या फुलीसारख्या बांधून तारेने सळईला लटकवायच्या. माती त्यांना धरून राहते.

एक सावधगिरी. तारेचा सांगाडा आत असलेली मूर्ती भट्टीत भाजता येत नाही. माती सुकताना आकसते, तार आकसत नाही, म्हणून तडे जातात. अशा मूर्तीचा साचा काढून ती प्लास्टरमध्ये ओततात. काम चालू असेपर्यंत मात्र ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक रोज गुंडाळायला विसरू नकोस.

लगेच मोठी मूर्ती करू नकोस. वीतभर उंचीच्या पाच आजी कर, प्रत्येकीला अर्धा तास दे, फोटो काढ आणि माती मोडून परत डब्यात टाक. मोडताना जीव तुटेल, तरी मोड. या लहान मूर्तींत नाकडोळे करायचेच नाहीत, फक्त भार कुठे पडलाय आणि बाक कसा आहे एवढंच बघायचं. उभं माणूस करशील तेव्हा डोकं ४ सेंमी धर. उभ्या माणसाची उंची डोक्याच्या साडेसात पट धरतात, त्या हिशेबाने मूर्ती ३० सेंमी होईल, तिला दीड किलो माती पुरते. उभ्या माणसाने एका पायावर भार दिला की त्या बाजूचं कंबरेचं हाड वर जातं आणि बहुधा त्याच बाजूचा खांदा खाली येतो. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार असलेल्या पायाच्या घोट्याजवळ येतो. हे तुला पेन्सिलीने माहीत असेलच, आता ते तारेला शिकव.

चित्रकलेतून आलेल्या मुलांची एक सवय मातीत नडते. गालाखाली सावली दिसली की आपण कागदावर तिथे काळं करतो, आणि मातीत तिथे रेघ ओढतो. ती रेघ ओरखड्यासारखी दिसते. मातीत सावली काढायची नसते. तिथे पृष्ठभाग वळवायचा, सावली उजेड पाडतो. आजीच्या सुरकुत्या तू कोरणीने आधीच ओढल्या असशील, तर पुढच्या वेळी त्या अगदी शेवटी ठेव. कवटी आणि गालाची हाडं नीट बसली की अर्ध्या सुरकुत्या न ओढताच दिसायला लागतात. रात्री एक दिवा लावून मूर्तीची सावली पांढऱ्या भिंतीवर पाड आणि पाट ४५ अंशांनी फिरवत तुझ्या आठ चित्रांशी ताडून बघ. कुठे फुगलंय, कुठे बसलंय, ते भिंत सांगेल. हे सगळं फार अवघड वाटलं तर मध्ये एक पायरी घे : पाटीवर दोन बोटं जाडीचा मातीचा थर देऊन आजीचं उठावचित्र कर. चित्राची सवय न सोडता खोली कळायला लागते.

आता शाखेचं. राज्याच्या सीईटी सेलच्या एमएएच-एएसी या प्रवेश परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्य ज्ञान असतं, माती मळावी लागत नाही. म्हणजे पेंटिंग असो वा शिल्पकला, तुझ्या वह्या दोन्हीकडे उपयोगी पडतील आणि तुला वेळ आहे. अर्ज भरायच्या आधी वर सांगितलेलं काम तीन महिने कर. पाच आजी मोडल्यावर सहावी करावीशी वाटली तर शिल्पकला घे. नुसता कंटाळा आला आणि वहीकडेच हात गेला तर पेंटिंग घे, त्यात हार काही नाही. मुंबईच्या १८५७ सालच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात शिल्पकला विभाग आहे, पण ते आता अभिमत विद्यापीठ झालंय, तेव्हा त्यांचे प्रवेशाचे नियम वेगळे वाच. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठही शिल्पासाठी नावाजलेलं आहे.

बाबांशी खरं बोल. पहिली काही वर्षं एखाद्या शिल्पकाराच्या स्टुडिओत मदतनीस म्हणून जातात आणि पैसे सारखे मिळत नाहीत. काम मात्र आहे. चौकाचौकांतले पुतळे, घरच्या माणसांचे अर्धपुतळे, चित्रपटांचे सेट, संग्रहालयांसाठी प्रतिकृती, आणि संगणकावर ॲनिमेशनसाठी केलेलं शिल्पकाम, ज्यात मातीवर बसलेला हात उपयोगी पडतो. सार्वजनिक पुतळ्याच्या मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते, म्हणून शरीररचना पक्की असलेल्या माणसाची गरज संपत नाही. ए.टी.डी.चा रस्ताही मी बंद करणार नाही, घरची गरज असेल तर तो प्रतिष्ठेचा आहे.

‘मुलींचं काम नाही’ हे मात्र मी मान्य करणार नाही. शिल्पकार मीरा मुखर्जी बस्तरच्या धातू ओतणाऱ्या कारागिरांकडे जाऊन शिकल्या आणि त्यांनी ब्राँझची मोठमोठी शिल्पं केली. मुंबईत पिलू पोचखानवाला या शिल्पकर्तीने धातूत काम केलं. मोठा पुतळा तर कोणीच एकटा उभा करत नाही, साचेवाले, वेल्डर, ओतकाम करणारे अशी टोळीच लागते. बाबांना हे सांग आणि एका रविवारी त्यांना तुमच्याच सातारा जिल्ह्यातल्या औंधला घेऊन जा. यमाईच्या डोंगरावर औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी उभारलेल्या भवानी संग्रहालयात चित्रं आणि शिल्पं शेजारी शेजारी आहेत, इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पसुद्धा. वही घेऊन जा, पण पहिलं चित्र समोरून काढू नकोस. जागा असेल तिथे शिल्पाच्या मागे जाऊन बस. बाबांनाही थोडा वेळ तिथेच थांबव.

पुढच्या पत्राबरोबर आजीच्या मूर्तीचे फोटो पाठव. पाठीकडून काढलेला सगळ्यात वर ठेव.